नऊ फुटी खडपाची रॉड बांधतोय: गाईड कुठली, किती, आणि दोरा ए की डी?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत नुसता वाचत होतो, आता प्रत्यक्ष कामाला लागलोय. ९ फुटी, दोन तुकड्यांचा कार्बन ब्लँक (रॉडची नुसती नळी) आलाय, लुअर (नकली आमिष) रेटिंग २० ते ६० ग्रॅम, ॲक्शन फास्ट, म्हणजे टोकाकडे वाकणारी. रीळ ५००० साईजचं स्पिनिंग, त्यावर पीई २ ब्रेड (विणलेली लाईन), पुढे ४० पौंडाचा लीडर (टोकाचा जाड तुकडा), एफजी नॉटने जोडलेला. देवगड-मालवण पट्ट्यात खडपावरून (किनाऱ्यावरच्या कातळावरून) गरवायला जातो, तांबोशी आणि जिताडा हे मुख्य, हेकरू लागला तर दुधात साखर.

रीळसीट आणि ईव्हीए हँडल ठरलंय. अडलंय ते गाईडपाशी, म्हणजे लाईन ओवायच्या कड्यांपाशी. दुकानातल्या रेडीमेड सर्फ रॉड बघून कागदावर असं मांडलंय: सगळी डबल फूट (दोन पायांची), ४०-३०-२५-२०-१६-१२ आणि टिप. गाईड ब्लँकला बांधायचा दोरा डी साईज (ए पेक्षा जाड), कारण खडपावर रॉडला मार बसतो आणि जाड दोरा जास्त धरणार. रंग लाल, कडेला सोनेरी. काय बदलायचं ते बिनधास्त सांगा, दोरा अजून मागवलेला नाही.

जुनाट_रीळ
भाऊ, मागवलेला नाहीस ते बरं केलंस. एक एक घेतो, जरा लांबेल.

तुझी ४०-३०-२५ वाली यादी जुन्या मोनो (एकेरी नायलॉन) लाईनच्या काळातली आहे. मोनो जाड, कडक, स्पूलवरून सुटताना मोठमोठे वेढे काढत जाते, त्या वेढ्यांना वाट द्यायला मोठी रिंग लागायची. पीई २ म्हणजे बारीक आणि मऊ लाईन. तिचा वेढा लवकर आवरता येतो, उलट तो आवरला नाही तर तो वाऱ्यावर फडफडत ब्लँकवर आपटतो आणि फेक कमी जाते. म्हणून आता पद्धत अशी की पहिल्या तीन-चार गाईडमध्ये वेढा झटक्यात बारीक करायचा आणि तिथून पुढे टिपपर्यंत सगळी छोटी, एका मापाची रनिंग गाईड लावायची. जिथून छोटी सुरू होतात त्याला चोक गाईड म्हणतात.

आता चोक कुठे यायचा? आधी रीळसीट पक्कं कर, रीळ बसव आणि स्पूलकडे बाजूने बघ. स्पिनिंग रिळाचा शाफ्ट ब्लँकला अगदी समांतर नसतो, थोडा वरच्या अंगाला असतो. त्या शाफ्टची रेष सरळ पुढे वाढवली तर ती कुठेतरी जाऊन ब्लँकला भेटते. ती जागा म्हणजे चोकची जागा, इंच-दोन इंच मागेपुढे. मी स्पूलच्या बरोबर मध्यावर लेझर पॉइंटर टेपने चिकटवतो आणि ठिपका ब्लँकवर कुठे पडतो ते बघतो. ज्याचा रिळाचा कोन वेगळा त्याची चोकची जागा वेगळी, त्यामुळे दुसऱ्याच्या रॉडवरची मापं जशीच्या तशी उतरवून घेण्यात काही अर्थ नाही, आणि नेटवर "९ फुटाचा गाईड सेट" म्हणून जे पाकीट विकतात त्यालाही तुझं रीळ ठाऊक नसतं.

दुसरं, रिंगच्या व्यासापेक्षा तिची उंची बघ. लोक ४० का लावायचे, तर तेवढी रिंग ब्लँकपासून उंच उभी असते म्हणून. आता उंच फ्रेमची २५ मिळते, तिची रिंग लहान पण उभी तेवढीच, वजन मात्र बरंच कमी. आणि हो, २५ म्हणजे आतलं भोक २५ मिमी नव्हे. फुजीच्या साईजमध्ये तो रिंगचा बाहेरचा व्यास असतो, आतलं भोक रिंगच्या मटेरियलप्रमाणे कमीजास्त. टिपजवळ लीडर नॉट पास करायची असते तेव्हा हे कळीचं ठरतं.

तुझ्या सेटअपला मी २५-१६-१२-१० आणि पुढे सगळी ८ लावीन. टिपही ८. मोजून बघ, फुटामागे एक आणि वर टिप हा जुना अंदाज तुझ्या रॉडला बरोबर लागू पडतो.

दोऱ्याचं उद्या लिहितो, नातवंडं आलीयेत.

मरळवाला
मी सांगलीकडचा, आमच्याकडे मरळीला फ्रॉग (बेडकाचं लुअर) टाकायला बेटकास्टर, म्हणजे आडव्या स्पूलचं रीळ. आमची गाईड वरच्या बाजूला, लाईन ब्लँकच्या वरून जाते. आम्हाला पण हा चोक वगैरे लागतो का?

जुनाट_रीळ
नाही हो. बेटकास्टरच्या स्पूलवरून लाईन सरळ सुटते, वेढा नसतोच. तुम्हाला वेगळीच काळजी, रॉड वाकली की दोन गाईडांच्या मध्ये लाईन ब्लँकला घासते. गाईड कमी पडली की हमखास. म्हणून तुमच्याकडे टिपच्या बाजूला गाईड दाट ठेवायची.

देवगडचो_झिलगो
ह्या सगळा बरा आसा, पण एक सांगू काय? खडपार पाय सरलो की हातातली रॉड पयली कातळार आपटता. तेव्हा सिंगल फुटाचा काय होता ता येऊन बघा. जुनाट काका पुढची सगळी सिंगल फूट लावतले, माका म्हायती आसा. माझ्या रॉडीर टिपपर्यंत डबल फूट आसत. वजन वाढता? वाढांदे. गाईड वाकलो की त्या दिवसाचो खेळच बसलो, मगे बसा खडपार पाय सोडून.

जुनाट_रीळ
झिलग्या, अजून दोऱ्यावर आलोच नाही तोवर भांडायला सुरुवात 😄 तुझा मुद्दा खोटा नाही. पण ९ फुटी रॉडवर टिपच्या दोन फुटांत वाढलेला एकेक ग्रॅम हाताला जाणवतो. लुअर मारल्यावर टिप लटलट हलत राहते, लगेच शांत होत नाही, आणि दिवसभर फेकायचं म्हटलं की मनगट बोलायला लागतं. डबल फूट म्हणजे एकाऐवजी दोन पाय, दोन ठिकाणी दोरा, दोन ठिकाणी इपॉक्सी (दोऱ्यावरचा राळेचा लेप). वर त्या दोन पायांमधला ब्लँकचा तुकडा कडक होतो तो वेगळाच.

देवगडचो_झिलगो
मनगटाक सवय होता. गाईडाक होणा नाय.

जर्सीकर
न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून लिहितोय, इथे स्ट्राइप्ड बासला सर्फ रॉड बांधतो. झिलगो आणि काका दोघांचं बरोबर आहे असं म्हणून पळवाट काढणार नाही, माझं मत सरळ आहे. दगडांवर जेट्टीवर उभं राहून मासेमारी असेल तर बटपासून (हँडलकडच्या टोकापासून) निम्म्या रॉडपर्यंत डबल फूट, तिथून पुढे सिंगल. रॉड निसटली तर मार बटकडच्या उंच गाईडांना आधी बसतो, कारण ती जास्त बाहेर आलेली असतात. पुढची ८ नंबरची बुटकी असतात, ब्लँकला चिकटून. आणि सिंगल फूट गाईड ओढ बसून सुटून येऊ नये म्हणून त्याला लॉकिंग रॅप घालायचा, म्हणजे पायाचा दोरा संपत आला की शेवटचे काही वेढे गाईडच्या फ्रेमच्या पुढून घ्यायचे. फोरहन रॅप म्हणून शोधा, व्हिडिओ सापडतील. इथे सिंगल फूट बांधणारे बहुतेक तोच घालतात.

टिपटॉप घेताना सांभाळा. अमेरिकन टिपटॉपची ट्यूब इंचाच्या ६४व्या भागात मोजतात, ५.५ लिहिलं असेल तर ५.५ भागिले ६४ इंच, म्हणजे २.२ मिमीच्या आसपास. जपानी टिपटॉपवर सरळ मिमी लिहिलेलं असतं. ५.५ बघून कोणी ५.५ मिमी समजून मागवलं तर टिपऐवजी हँडलला बसेल.

खाडीकाठ
टिपचा ब्लँक कॅलिपरने मोजला, २.१ मिमी भरला. म्हणजे २.२ ची ट्यूब. चिकटवायला अराल्डाइट?

जर्सीकर
नको. टिपटॉप हा सगळ्यात आधी तुटणारा भाग. त्याला गरम करून वितळणारा ग्लू लाव, रॉड बिल्डरचा मिळतो, नाहीतर साधी ग्लू स्टिक पण चालते. उद्या रिंग तडकली तर लायटरने ट्यूब जरा गरम करून फिरवून काढता आली पाहिजे. रीळसीटला मात्र इपॉक्सीच, ती पण हळू सुकणारी. पाच मिनिटांत धरणारी घेऊ नको, सीट रेषेत आणेपर्यंत ती दगड झालेली असते.

सुईदोरा
मी मासे पकडत नाही, खाते फक्त. नवरा रॉड बांधतो आणि माझ्या भरतकामाच्या मशीनचे दोरे पळवतो, म्हणून इथे आले 😀 दोऱ्याबद्दल कोणी बोलायच्या आत मी बोलून घेते.

दोरा जाड म्हणजे मजबूत हे शिवणात पण खरं नसतं. गाईडचा पाय धरून ठेवतात ते एकाला एक चिकटून बसलेले वेढे आणि त्यांचा ताण. बारीक दोऱ्याचे तेवढ्याच जागेत जास्त वेढे बसतात. जाड दोऱ्याचे कमी, आणि त्यातून दोन वेढ्यांच्या मधल्या घळी खोल, त्या भरायला इपॉक्सी जास्त. नवऱ्याने एकदा डी आणि ए दोन्ही शेजारी शेजारी गुंडाळून बघितलं. सपाट, काचेसारखं फिनिश यायला डी ला एक हात जास्तीचा लागला. म्हणजे वजन दोऱ्याने वाढत नाही एवढं, वरच्या प्लास्टिकनं वाढतं.

आता कुठला दोरा. घरात असतो तो साधा शिवणाचा पॉलिएस्टर दोरा अजिबात नको, तो आखूड तंतूंचा पिळलेला असतो, त्याला लव असते. डोळ्यांना दिसत नाही पण इपॉक्सीचा हात बसला की एकेक केस उभा दिसतो. भरतकामाचा रेयॉन दिसायला सगळ्यात सुंदर पण ओला झाला की ताकद जाते, समुद्रावरच्या वस्तूला मी तो देणार नाही. ट्रायलोबल पॉलिएस्टर जो मशीन एम्ब्रॉयडरीला वापरतात, ४० वेटचा, तो चालतो. लांब सलग तंतू, लव नाही, चमक आहे आणि रंगही बऱ्यापैकी टिकतो. पण तो नायलॉनसारखा ताणत नाही. नायलॉन गुंडाळताना ताणला जातो आणि मग आखडून पायाला आवळून बसतो, तो गुण यात कमी. म्हणून आमच्याकडे गाईडच्या पायावर रॉडचा नायलॉन आणि कडेच्या नक्षीला माझे दोरे अशी वाटणी झालीय. तशी ती झाली नसती तर माझ्या रिळांचं काही खरं नव्हतं.

खाडीकाठ
ताई, हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. सोनेरीला जर वापरली तर? येवल्याची एक जरीची लडी घरात पडून आहे.

सुईदोरा
कडेला चार-सहा वेढ्यांची पट्टी म्हणून वापर, गाईडच्या पायावर नको. जर म्हणजे आतल्या धाग्यावर चपटी पट्टी गुंडाळलेली, ताण दिला की ती उलगडते आणि आतला धागा डोकावतो. रीळ उभं ठेवून वरून दोरा ओढलास तर प्रत्येक वेढ्याला पीळ पडतो, रीळ आडवं फिरू दे. आणि त्या पट्टीच्या खाली हवा अडकते, इपॉक्सीत बुडबुडे तिथूनच निघणार. शक्य असेल तर रॉडचा मेटॅलिक दोरा घे, जर हौस म्हणून.

जुनाट_रीळ
ताईंनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं.

साईज ए घे, सगळीकडे. डी, ई हे बोटीवरच्या ट्रोलिंग रॉडसाठी, जिथे गाईडचे पाय जाड असतात, खाली अंडररॅप (ब्लँकवर आधी घातलेला दोऱ्याचा थर) असतो आणि वजनाची कोणाला पर्वा नसते. मनाला खात्री हवी असेल तर बट गाईडवर ए चा दुसरा थर घाल, पुरे.

रंग. साधा नायलॉन आणि एनसीपी (रंग आधीच पक्का केलेला) असे दोन प्रकार मिळतात. साध्या नायलॉनवर इपॉक्सी लावली की ती आत मुरते आणि दोरा अर्धपारदर्शक होतो. तुझा लाल काळ्या ब्लँकवर काळपट मरून दिसेल, पांढरा तर जवळजवळ नाहीसाच होतो. कोणाकोणाला तेच हवं असतं, गाईडचा पाय आत दिसतो, जुन्या बांबूच्या रॉडवर रेशमी दोरा वार्निशखाली असाच काचेसारखा व्हायचा. एनसीपी दोऱ्याचा रंग जसा रिळावर तसाच राहतो पण चमक थोडी मेलेली, रंगवल्यासारखा सपाट दिसतो. तिसरी वाट म्हणजे साध्या नायलॉनवर आधी कलर प्रिझर्व्हर लावायचा. मी ती वाट सोडलीय. एखाद्या ठिकाणी तो नीट मुरला नाही की तिथे काळा डाग पडतो आणि तो काढायला सगळा रॅप कापावा लागतो, शिवाय प्रिझर्व्हरने दोरा भरला की इपॉक्सी आत शिरत नाही, वरच्या वर बसते. भगभगीत लाल हवा असेल तर एनसीपी घे आणि विषय संपव.

गुंडाळण्याआधीची एक गोष्ट लोक गाळतात, आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या तुटलेल्या रॉडचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं. गाईडचा पाय हातात घेऊन टोकाला नख लाव. कारखान्यातून आलेल्या पायाचं टोक बोथट असतं, दोरा त्यावर चढताना पायरीवर अडकतो, फट राहते. बारीक कानशीने टोक वरून उतरतं कर, चाकूच्या पात्यासारखं निमुळतं. मग पाय उलटा कर आणि खालच्या कडेला बोट फिरव. तिथे धातूचा बारीक कूस असेल तर तो ब्लँकमध्ये रुततो आणि मासा लागून रॉड पूर्ण वाकली की नेमकी तिथे टक्कन तुटते. लोक मग ब्लँकला शिव्या देतात. खालची बाजू बारीक पॉलिश पेपरवर चार वेळा घासली तरी कूस जातो. फाइल केलेला पाय उघडा पोलाद असतो, काळं कोटिंग गेलेलं, तो पूर्ण दोऱ्याखाली आणि इपॉक्सीखाली गेलाच पाहिजे, नाहीतर खारं पाणी पहिल्या पावसाळ्याच्या आत गंज दाखवतं.

ताण किती? रॅप पूर्ण झाल्यावर अंगठ्याने गाईड ढकललं तर जरासं हललं पाहिजे, म्हणजे शेवटी सगळी गाईड डोळा लावून एका रेषेत आणता येतात. खिळा ठोकल्यासारखं घट्ट बसलं तर ताण जास्त झाला, कार्बनच्या पातळ नळीला तो मानवत नाही.

देवगडचो_झिलगो
फ्रेमचा बोला काका. रिंगेचा सगळे बोलतत, सिक काय नि टॉर्झाइट काय. माझी रिंग अजून फुटूक नाय, पण फ्रेम गंजान गळान पडल्यो.

जुनाट_रीळ
शंभर टक्के. पैसे मोजून असतील तर ते फ्रेमवर घाल. ब्रेडने रिंगला चर पडतात ही भीती जुन्या धातूच्या आणि हलक्या रिंगांच्या वेळची. आजची कुठलीही धड सिरॅमिक रिंग, अल्कोनाइट सुद्धा, पीई २ ला सहज पुरते. सिक म्हणजे सिलिकॉन कार्बाइड जास्त कडक, गुळगुळीत आणि उष्णता लवकर सोडणारी, फुजीने ती १९८१ पासून गाईडमध्ये आणली आणि नाव झालं ते योग्यच आहे. पण तुझ्या खडपाच्या रॉडचा जीव जातो मिठाने. स्टेनलेस म्हटलं तरी ३०४ किनाऱ्यावर डाग धरतं, ३१६ बरं टिकतं, टायटॅनियमला गंज माहीतच नाही आणि हलकंही, पण खिसा फाटतो. मधला मार्ग म्हणजे टिप आणि त्याच्या मागची तीन-चार टायटॅनियम, जिथे वजन नडतं, आणि बाकी स्टेनलेस. काळं कोटिंग दिसायला रुबाबदार पण दगडावर एकदा घासलं की तिथून सुरुवात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि तोच कोणी करत नाही.

मरळवाला
रिंग फुटलीये की नाही ते कसं ओळखायचं? माझी ब्रेड सारखी एकाच ठिकाणी उसवतेय.

जर्सीकर
कान साफ करायची कापसाची काडी घे आणि प्रत्येक रिंगमधून गोल फिरवत काढ. कुठे कापसाचा तंतू अडकला की तिथे तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो. टिपपासून सुरू कर.

मरळवाला
टिपच निघाली. धन्यवाद भावा. आणि मागचं एक गाईड पण, ते काढायचं कसं? सगळं इपॉक्सीत गाडलेलं आहे.

जर्सीकर
हेअर ड्रायर किंवा हीट गनने हलकं गरम कर, इपॉक्सी मऊ होते. मग ब्लेडने कापायचं ते फक्त गाईडच्या पायाच्या पाठीवर, म्हणजे ब्लेडखाली धातू असेल असं. ब्लँकवर थेट ब्लेड चालवायचं नाही, कार्बनचा एक तंतू कापला गेला तरी ती जागा गेली. पाय मोकळा झाला की दोरा नखाने सोलून निघतो.

खाडीकाठ
गाईड आली. २५-१६-१२-१० डबल फूट, पुढे ८ ची पाच, त्यातली पहिली दोन डबल आणि शेवटची तीन सिंगल. झिलग्या, अर्धं तुझं ऐकलं. दोरा ए, एनसीपी लाल. आता जागा ठरवायला तात्पुरती गाईड कशाने धरू? मास्किंग टेप लावली तर सरकवताना दर वेळी काढावी लागते.

जुनाट_रीळ
सायकलच्या दुकानात जा आणि जुनी रबरी व्हॉल्व्ह ट्यूब माग. तिचे ३-३ मिमीचे चकले काप. ब्लँकच्या टोकाकडून सरकवून गाईडच्या पायावर चढवायचे, घट्ट धरतात आणि गाईड हवं तसं मागेपुढे होतं. बटच्या जाड भागाला ते पुरत नाहीत, तिथे केसांचे छोटे रबर.

मग लाईन ओव, हँडल भिंतीशी आडवं बांध आणि टिपकडून ओढ देऊन रॉड चांगली वाकव. तुझी गाईड खालच्या बाजूला असल्यामुळे लाईन ब्लँकला लागते का हे बघत बसू नको, ती लागणारच नाही. बघायचं ते हे की वाकलेल्या ब्लँकच्या वळणाबरोबर लाईन वळतेय की एखाद्या गाईडपाशी टोकदार कोपरा करतेय. कोपरा दिसला की सगळा भार त्या एका गाईडवर येतोय, शेजारचं जवळ आण. टिपपासून पहिलं ९-१० सेंमीवर आणि पुढे प्रत्येक अंतर थोडं थोडं वाढवत जा, सुरुवातीला एवढं पुरतं. बट गाईड स्पूलच्या तोंडापासून ८०-९० सेंमीच्या दरम्यान कुठेतरी बसेल.

त्यानंतर मैदानात जाऊन हलकं वजन लावून फेकून बघ, रबरावर जोरात फेकू नको, गाईड फिरतात. कोणाला तरी बाजूने मोबाईलवर स्लो मोशन शूट करायला सांग. बट आणि दुसऱ्या गाईडच्या मध्ये लाईन ब्लँकवर आपटताना दिसली तर बट गाईड पुढे-मागे कर. स्पायनचं (ब्लँकच्या जास्त कडक बाजूचं) विचारलं नाहीस पण विचारशील, म्हणून सांगतो. ब्लँक डोळ्यासमोर धरून ज्या बाजूने सगळ्यात सरळ दिसतो त्या रेषेत गाईड लाव. स्पायन शोधत बसणारे बसोत.

सुईदोरा
इपॉक्सी लावायच्या आधी हात साबणाने दोनदा धुवा आणि डोक्याला खोबरेल लावून बसू नका. तेलाचं बोट लागलं की इपॉक्सी तिथून मागे सरते आणि गोल डोळा पडतो. काही डिस्पोजेबल सिरिंजच्या आत सिलिकॉन लावलेलं असतं त्यानेही हेच होतं, नवऱ्याने शेवटी इपॉक्सीबरोबर येणाऱ्याच सिरिंज वापरायला सुरुवात केली. दोन्ही भाग समान मापाने, एक थेंब इकडेतिकडे नाही. "जरा हार्डनर जास्त घातला तर लवकर सुकेल" हे फक्त पुरुषांनाच सुचतं.

जर्सीकर
हे बायकोला दाखवणार नाही. दोन पातळ हात द्या, एक जाड नको. पहिला हात दोऱ्यात पूर्ण मुरला पाहिजे आणि गाईडच्या पायाच्या दोन्ही कडांना दोऱ्याखाली जो छोटा बोगदा राहतो ना, त्याच्या तोंडात ब्रशने भरून घ्या. पाणी आत शिरतं ते तिथून. बुडबुड्यांना स्पिरिटच्या दिव्याची आच लांबून, लायटरने काजळी बसते.

खाडीकाठ
फिरवायला मोटर काय वापरता? आणि सध्या कोकणात हवा म्हणजे ओलं फडकं.

देवगडचो_झिलगो
कूलरच्या पंख्याच्यो पट्ट्यो हलवणारी स्विंग मोटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात गावता. वर ५/६ आरपीएम लिवलेला बघून घे. एका बाजूक मोटर, दुसऱ्या बाजूक पुठ्ठ्याच्या खोक्याक खाच. झाला. आणि पावसात इपॉक्सी लावू नको, वर चिकट पांढरा साय येता. होयाच आसात तर एसीच्या खोलीत बस. तसा पण उधाणात खडपार जावचा नाय, मगे घाई कसली?

खाडीकाठ
एसीची खोली मेहुण्याकडे आहे, बोलणी चालू आहेत.

जागा ठरल्या. लेझरप्रमाणे चोक पाचव्या गाईडपाशी आला, पहिलं ८ नंबर. रॉड वाकवून बघितली तेव्हा शेवटून चौथ्यापाशी कोपरा होता, दोन सेंमी टिपकडे घेतल्यावर गेला. बट स्पूलपासून ८४ सेंमीवर. स्लो मोशनमध्ये लाईन आता कुठे आपटत नाही. एकच शंका, एक गाईड बरोबर जॉइंटच्या (दोन तुकड्यांच्या सांध्याच्या) तोंडावर येतंय.

जुनाट_रीळ
तिथे ठेवू नको. जॉइंटचं तोंड रॉड वाकली की फाकायला बघतं, तिथे गाईडशिवाय नुसताच दोन-अडीच सेंमी दोरा गुंडाळून घे, ए च, आणि इपॉक्सी. गाईड त्या रॅपच्या पुढे सरकव, मग त्याच्या पुढची दोन पण थोडी थोडी पुढे घेऊन अंतर वाटून टाक. परत एकदा वाकवून बघ आणि फोटो टाक.

खाडीकाठ
घेतलं. फोटो संध्याकाळी टाकतो, मेहुण्याने हो म्हटलंय, पण इपॉक्सीच्या वासाचं त्याला अजून सांगितलेलं नाही.